बॉल मधोमध

क्रिकेटसाठी घेतलेल्या डिशमुळे लॅटव्हिया नावाचा देश आमच्या घरात शिरला.

ही २००४ च्या जूनमधली गोष्ट. मिशिगनमध्ये, नोव्हायला, आम्ही एका अपार्टमेंटमध्ये वरच्या मजल्यावर राहत होतो. नवरा मोटारींच्या कंपनीत इंजिनियर आणि मी त्याच्या व्हिसाचं शेपूट धरून आलेली, नोकरी करायची परवानगी नसलेली बायको. त्या वर्षी आपला संघ पाकिस्तानात खेळायला गेला तेव्हा नवऱ्याने मोठ्या हौसेनं बाल्कनीच्या कठड्याला डिश बसवून घेतली. मालिका संपली, डिश राहिली. मी तिच्यावर फडकी वाळत घालायचे.

आणि उन्हाळ्यात बाबा आले. वहिनीचं बाळंतपण होतं म्हणून आई कोल्हापुरातच थांबली, आणि बाबा एकटेच सहा महिन्यांसाठी माझ्या वाट्याला आले. माझा बाबांवर जीव आहे, पण रिकामे बाबा म्हणजे घरात चोवीस तास चालू असलेला रेडिओ. इथे रस्त्यावर चालणारं माणूस दिसत नाही, कट्टा नाही, पेपर नाही. मग मी स्वयंपाक करताना ते ओट्याशेजारी उभे राहून सुरू व्हायचे, "कांदा घेतला. उभा चिरला. आता मिरची. मिरची हातातनं सुटली, खाली गेली..." मी वैतागून म्हणायचे, "बाबा, बाहेर चक्कर मारून या ना." ते चक्कर मारून यायचे आणि तिची कॉमेंट्री ऐकवायचे.

त्याला कारण होतं. बाबा नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यात कारकून होते, ते पोटापुरते. त्यांचं खरं काम मैदानावर. कोल्हापूर म्हटलं की बाहेरच्यांना कुस्ती आठवते. माझा नागपूरचा नवरासुद्धा लग्नाआधी म्हणाला होता, "तुमच्याकडे फुटबॉल? सीरियसली, यार?" त्याला काय सांगणार? आमच्याकडे पेठेपेठेचे संघ असतात. आपली पेठ हरली तर घरात चुलीवर भांडं आपटून ठेवतात, जिंकली तर गुलालानं गल्ली लाल होते. बाबा तीसेक वर्षं मैदानावर माइक धरून सामन्यांचं वर्णन करायचे. त्यांचा एकच नियम होता. मैदानाच्या भिंतीबाहेर एक चहाची गाडी असायची आणि तिथल्या माणसाला गाडी सोडून आत येता यायचं नाही. बाबा म्हणायचे, "त्याला मॅच दिसली पायजे. बॉल कुठं हाय ते सांगितलं की मॅच दिसतीया. बाकी सगळी बडबड." बॉलची जागा त्यांनी कधी चुकीची सांगितली नाही. एकदा आपल्याच पेठेचा गोल पंचांनी नाकारला, तर यांनी माइकवरून 'पंचांचं बरोबर आहे' असं सांगून टाकलं होतं. पुढे कितीतरी दिवस ते मागच्या बोळातून कचेरीत जात होते.

जूनमधल्या एका दुपारी दार वाजलं. दारात एक उंच, थोडे वाकलेले म्हातारे गृहस्थ उभे. पांढरे केस ओले करून चापून बसवलेले, शर्ट खोचलेला, हातात कागदात गुंडाळलेला काळसर पाव. खालच्या मजल्यावरचे. जाता-येता हात हलवण्यापलीकडे आमची ओळख नव्हती. बोलताना ते माझ्याकडे बघेनात, माझ्या खांद्यावरून मागच्या चपलांच्या स्टँडकडे बघत होते. मला वाटलं, आता बाल्कनीतल्या फडक्यांची तक्रार येणार.

"तुमच्या त्या डिशवर फुटबॉल दिसतं का?" त्यांनी विचारलं. "माझा देश खेळतोय."

युरोपातल्या देशांची मोठी स्पर्धा पोर्तुगालमध्ये सुरू झाली होती. अमेरिकेत तिचं कुणालाच काही नव्हतं, पण डिशवर ते सामने मागवता यायचे. त्यात लॅटव्हिया पहिल्यांदाच पोचला होता. अख्ख्या देशात मिळून पुण्यापेक्षा फार जास्त माणसं नसतील. गटात चेक, जर्मनी आणि हॉलंड, म्हणजे तीन पैलवानांसमोर एक लिंबू-टिंबू. म्हातारबाबांनी तो देश लहानपणीच सोडला होता. युद्धात आईचं बोट धरून निघाले, काही वर्षं जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावण्यांत काढली, मग अमेरिकेत येऊन जन्मभर मोटारींच्या कारखान्यात राबले. मधल्या काळात त्यांचा देश रशियानं गिळला होता. "शाळेच्या नकाशात माझा देशच नव्हता," ते म्हणाले. "मुलं विचारायची, कुठे आहे दाखव, आणि मला दाखवता यायचं नाही. आता टीव्हीवर दिसणार आहे." बायको गेलेली, मुलगा दूर दुसऱ्या राज्यात. त्यांच्या लोकांचा एक हॉल होता, पण तो दोन-अडीच तासांवर, आणि गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं. मिशिगनमध्ये गाडी सुटली की माणूस घरात अडकतो.

मी नवऱ्याला ऑफिसात फोन केला. तो म्हणाला, "अगं, बोलाव त्यांना. बाबांनाही कंपनी होईल."

पहिला सामना चेकशी, मंगळवारी दुपारी. म्हातारबाबा वेळेआधी आले, खुर्चीत बसले आणि त्यांनी तोंड फिरवलं ते थेट कोपऱ्यातल्या देवघराकडे. सामना सुरू झाला तरी टीव्हीकडे ढुंकून बघेनात. बाबांना ते सहन होईना.

"काय गं, ह्यो माणूस मॅच बघाय आलाय का गणपती?"

मी जरा अवघडूनच विचारलं. ते हसले. म्हणाले, डोळ्यांचा मधला भाग गेलाय. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नाहीसं होतं. फक्त कडेचं थोडं दिसतं, रंग हलताना दिसतात. म्हणून टीव्ही दिसायला हवा असेल तर दुसरीकडे बघावं लागतं. दारात ते माझ्याकडे का बघत नव्हते ते मला तेव्हा कळलं आणि फडक्यांची आठवण होऊन लाज वाटली. "आणि टीव्हीवरचे लोक बोलतात फार," ते म्हणाले, "पण बॉल कुठे आहे ते सांगत नाहीत."

मी हे बाबांना मराठीत सांगितलं. बाबा उठून स्वयंपाकघरात गेले आणि माझं लाटणं घेऊन आले. हातात माइकसारखं काही धरल्याशिवाय त्यांना बोलताच यायचं नाही. मला म्हणाले, "टीव्हीचा आवाज बारीक कर. नुसता पब्लिकचा येऊ दे. आनि मी बोलतो ते जमंल तसं सांग त्याला." मग घसा खाकरून म्हणाले, "चला पाव्हणं. बॉल डावीकडं!"

खरं तर पाहुणे बाबा. म्हातारबाबा अमेरिकेत पन्नासहून अधिक वर्षं राहिलेले. पण बाबांच्या तोंडी 'पाव्हणं' बसलं ते बसलं, आणि त्या हाकेला म्हातारबाबा ओ द्यायला लागले.

खेळाडूंची नावं उच्चारणं बाबांच्या बसची बात नव्हती. त्यांनी सगळ्यांना आमच्या पेठेतली नावं देऊन टाकली. गोलकीपर पैलवान, पुढे पळणारा दूधवाला, मधला टकल्या मास्तर. मी धापा टाकत भाषांतर करत होते, डावीकडे, उजवीकडे, परत मागे. पहिला हाफ संपता संपता बाबांचा आवाज चढला, "दूधवाला घुसला, घुसला, घुसला... गोल!" हे मला सांगावं लागलं नाही. म्हातारबाबा उभे राहिले होते. डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहत होतं आणि ते गणपतीकडे बघून टाळ्या वाजवत होते.

"बॉल मधोमध," बाबा म्हणाले. गोल झाला की बॉल पुन्हा मैदानाच्या मध्यावर ठेवतात, आणि बॉल जिथं असेल तिथं तो सांगायचा हा बाबांचा धर्म.

पुढे चेकनी दोन गोल केले आणि सामना गेला. बाबांनी दोन्ही गोल मुकाट्यानं जसेच्या तसे सांगितले. म्हातारबाबा म्हणाले, "निदान पुढे तरी होतो. मी परत आलो तर चालेल?"

मधल्या दिवसांत बाबांनी त्यांची शिकवणी घेतली. पार्किंगशेजारच्या झाडाखाली एक बाक होता. तिथं ते दोघं बसायचे, बाबा त्यांचा तळहात आपल्या मांडीवर उघडा ठेवायचे आणि त्यावर बोट फिरवायचे. हा डावीकडं, हा उजवीकडं, हा आडवा, आणि तळव्याच्या बरोब्बर मध्ये बोट टेकवून, मधोमध. म्हातारबाबा कारखान्यातल्या कामगाराच्या चिकाटीनं तेच शब्द घोकायचे. वर बाल्कनीत मी भाजी निवडत ऐकायचे. तासन्तास घरात शांतता असायची आणि गंमत म्हणजे मलाच करमायचं नाही.

शनिवारी जर्मनी. नवराही घरी होता. म्हातारबाबा म्हणाले, छावणीतल्या पोरांबरोबर, शेजारच्या जर्मन पोरांविरुद्ध खेळत ते फुटबॉल शिकले, आणि दर वेळी त्यांची बाजू हरायची. त्या दिवशी बाबांनी कमाल केली. पैलवान एकेक बॉल अडवतोय आणि बाबा लाटणं दोन्ही हातांनी धरून ओरडतायत. माझ्या भाषांतराची गरज संपली होती. 'उजवीकडं' म्हटलं की म्हातारबाबांचं डोकं उजवीकडे वळत होतं. नवरा हळूच म्हणाला, "यार, बाबा म्हणजे लाइव्ह चॅनेल आहेत." शिट्टी वाजली तेव्हा शून्य-शून्य. एवढ्याशा देशानं जर्मनीला रोखलं होतं.

"ती पुडी आण," बाबा म्हणाले.

आमच्या घरच्या गणपतीसाठी त्यांनी कोल्हापूरहून गुलाल आणला होता. मी म्हटलं, "बाबा, बरोबरी झालीय. बरोबरीला कधी गुलाल असतो का?"

"पेठेत न्हाई. ह्यांच्यात असतो," बाबांनी परस्पर नियम करून टाकला आणि म्हातारबाबांच्या कपाळाला गुलाल फासला. मी त्यांना समजावून सांगितलं, की आमच्या गावात जिंकल्यावर लावतात. त्यांनी बोटानं कपाळ चाचपलं, बोट अगदी कडेला नेऊन रंग बघितला. त्यांच्या झेंड्याचा रंगही असाच, डाळिंबी लाल. दुसऱ्या दिवशी रविवारी ते कुणाच्या तरी गाडीतून तसेच चर्चला गेले.

तिसरा सामना हॉलंडशी, तेवीस जूनला. आता जिवाची घालमेल होती, कारण हा सामना जिंकला आणि तिकडे जर्मनी अडखळली, तर लॅटव्हिया थेट पुढच्या फेरीत जाणार होता. म्हातारबाबा आले ते डोक्यावर ओकच्या पानांचा मुकुट घालून. दुसरा मुकुट हातात, बाबांसाठी. आणि ओव्यासारखे दाणे घातलेलं घरचं चीज. त्या संध्याकाळी त्यांच्याकडे वर्षातला सगळ्यात मोठा सण असतो. उन्हाळ्यातली सगळ्यात लहान रात्र. टेकड्यांवर जाळ पेटवतात, पुरुष ओकच्या पानांचे मुकुट घालतात, पहाटेपर्यंत गातात. अपार्टमेंटच्या मागच्या ओकची पानं त्यांनी सकाळी हातानं चाचपून तोडली होती.

"गावातला शेवटचा सण मला आठवतो," ते म्हणाले. "वडील होते तेव्हा. ते मागे राहिले. मी त्यांच्या खांद्यावर बसून जाळ बघितला होता." मग खुर्ची देवघराकडे वळवून म्हणाले, "आज जिंकले तर मी त्यांना सांगीन."

मी हे भाषांतर करून सांगितलं. करायला नको होतं की काय, असं मला नंतर वाटत राहिलं. बाबांनी मुकुट डोक्यावर नीट बसवला आणि लाटणं उचललं.

खेळ सुरू झाल्यापासून नारिंगी शर्टवाले अंगावर येत होते. थोड्याच वेळात हॉलंडला पेनल्टी मिळाली. "पेनल्टी दिली," बाबा म्हणाले. म्हातारबाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. बॉल ठेवला, माणूस धावत आला, आणि बॉल सरळ जाळ्यात गेला.

"हुकली!" बाबा ओरडले. "भाईर! पेनल्टी भाईर!"

मी बाबांकडे बघतच राहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते. टीव्हीवर लोकांचा गलका उसळला तसं त्यांनी रिमोट घेऊन उरलासुरला आवाजही बंद करून टाकला. "ह्यो आवाज लई तरास देतोय," असं पुटपुटले आणि पुन्हा लाटणं तोंडाशी धरलं. "बॉल मधोमध. मास्तरकडं. मास्तरनं डावीकडं दिला..."

म्हातारबाबांनी हळूच हसून मुकुट सरळ केला.

दुसरा गोल झाला तेव्हा बाबांच्या मते पैलवानानं तो अडवला होता. "धरला! आमच्या पैलवानानं धरला!" आणि दम खाऊन, "बॉल मधोमध. दूधवाल्याकडं." मध्यंतरात मी बाबांना स्वयंपाकघरात गाठलं. "हे काय चालवलंय? त्यांचा मुलगा फोन करेल, उद्या कुणीतरी सांगेलच त्यांना."

"उद्या सांगू दे की," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा घामानं डबडबला होता. "सणाच्या दिवशी मी न्हाई सांगायचा. त्येच्या बाला काय सांगंल त्यो?"

आपल्या पेठेविरुद्ध खरं बोलून महिनाभर तोंड लपवत फिरलेला हा माणूस. मला त्यांचा रागही आला आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं. मी दोघांना सरबत नेऊन दिलं.

दुसऱ्या हाफमध्ये बाबा दमले. खोट्या सामन्याचं वर्णन करणं फार कष्टाचं असतं, कारण खरा सामना डोळ्यांसमोर चालू असतो. त्यांना लॅटव्हियाला एखादा गोल करून द्यायचा असावा, दोनदा आवाज चढवून त्यांनी दूधवाल्याला पुढे नेला, पण तोंडातून तो गोल निघेना. जे झालं ते नाकारणं त्यांना जमलं, जे झालंच नाही ते घडवणं जमलं नाही. शेवटाकडे हॉलंडनं तिसरा मारला. बाबांनी लाटणं तोंडापासून खाली घेतलं. मग अगदी हळू म्हणाले, "भाईर गेला." आणि त्याहून हळू, "बॉल मधोमध."

शिट्टी झाली. बाबांनी लाटणं टीपॉयवर ठेवलं. "शून्य-शून्य," ते म्हणाले. "बरोबरी. पुढं न्हाई गेलो पाव्हणं, पन हरलो बी न्हाई." मी भाषांतर केलं.

म्हातारबाबा खुर्चीतून उठले. दोन पावलं बाबांच्या आवाजाच्या दिशेनं आले, डोक्यावरचा मुकुट काढून हातात घेतला आणि कपाळ पुढे करून खाली वाकले.

मला आधी कळलंच नाही. बाबांना कळलं. बरोबरीला गुलाल, हा नियम त्यांचाच होता. मी पुडी आणून दिली. बाबांनी ती उघडली तेव्हा निम्मा गुलाल गालिच्यावर सांडला. उरलेला त्यांनी त्या कपाळाला लावला आणि तोंड फिरवून थेट बाथरूममध्ये गेले.

मी म्हातारबाबांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. कठडा धरून उभे राहत ते म्हणाले, "तुझे वडील फार चांगले सांगतात. दोन्ही हाफच्या सुरुवातीचे दोन सोडले तर तीनदा 'मधोमध' म्हणाले."

पेनल्टी बाहेर गेली, बॉल गोलकीपरनं धरला, तर बॉल मधोमध येईलच कसा? सगळं खोटं सांगताना बाबांना बॉलची जागा काही खोटी सांगता आली नव्हती. आणि ती जागा त्यांनीच त्या माणसाच्या तळहातावर बोट टेकवून शिकवली होती.

"मग तुम्ही..." मी म्हणाले.

"त्यांना सांगू नकोस," ते म्हणाले आणि एकेक पायरी चाचपत खाली गेले.

दुसऱ्या दिवशी मी पत्रं आणायला खाली उतरले. टपालाच्या पेट्यांशी म्हातारबाबा उभे होते आणि टपाल टाकणाऱ्या बाईंशी बोलत होते. कपाळ तसंच लाल. बाईंनी विचारलं असावं, कारण ते म्हणत होते, "काल आम्ही हरलो. तीन-शून्य." आणि तो रंग तिला नीट दिसावा म्हणून मान वाकवून उभे राहिले, शाळेत बक्षीस मिळालेल्या मुलासारखे.

वर बाल्कनीत बाबा डिशला टेकून उभे होते. रात्रभर त्यांना धड झोप लागली नव्हती, हे मला ठाऊक होतं. त्यांना वरून नुसतं बोलणं चाललेलं दिसत होतं.

"काय गं," त्यांनी वरून हाक मारली, "काय म्हनत्यात पाव्हणं?"

म्हातारबाबांनी हाक ऐकून चेहरा वर केला, नेहमीप्रमाणे भलतीकडेच, आणि हात हलवला.

"बरोबरी झाली म्हणतायत, बाबा," मी ओरडून सांगितलं. "सगळ्यांना तेच सांगतायत."